शुक्रवारची हवा आणि सोमवारचा कौल

16 जून 2023 च्या शुक्रवारी अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या बहुतेक मल्टिप्लेक्सवर सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच चित्रपटाचे राज्य होते, ते म्हणजे 'आदिपुरुष'चे. रामाच्या भूमिकेत प्रभास, दिग्दर्शनाला 'तान्हाजी'चे ओम राऊत, खर्चाचे आकडे शेकडो कोटींचे, आणि प्रत्येक खेळाला एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवण्याची निर्मात्यांची घोषणा. पहिल्या तीन दिवसांत जगभरातून 340 कोटी रुपये जमल्याचे त्यांनी जाहीर केले. सोमवारी मात्र गल्ला एकदम कोसळला. संवादांवर टीकेची झोड उठली, काही संवाद बदलावे लागले, आठवडा संपायच्या आत तिकीट दीडशे रुपयांवर आणावे लागले, तरी गेलेली गर्दी परतली नाही. त्यानंतर बरोबर दोन आठवड्यांनी, 30 जूनला, केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी, त्यांचे रुसवेफुगवे, मंगळागौरीची स्पर्धा आणि रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने अशा मुरलेल्या अभिनेत्री. याने पहिल्या आठवड्यात साधारण साडेबारा कोटी मिळवले आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच्या जवळपास दुप्पट. चित्रपटाच्या धंद्यात दुसरा आठवडा पहिल्याहून मोठा निघणे हे किती दुर्मीळ, हे त्या धंद्यातला कुणीही सांगेल. बायका घोळक्याने आल्या, नऊवारी नेसून आणि गॉगल लावून आल्या, थिएटरच्या आवारात फुगड्या घालून गेल्या, आणि पुढच्या रविवारी जावांना नि नणंदांना घेऊन पुन्हा आल्या.

या जोडीवरून सहसा एक सोपा निष्कर्ष काढला जातो: जाहिरातबाजी खोटी, आवड खरी, आणि शेवटी प्रेक्षकच राजा. ऐकायला बरे वाटते, पण ते अर्धेच खरे आहे. प्रसिद्धीच्या माऱ्याने माणसाची आवड फारशी बदलत नाही, हे 'आदिपुरुष'ने दाखवले. पण म्हणून प्रसिद्धी दुबळी ठरत नाही. तिची खरी सत्ता खेळांच्या वेळापत्रकावर चालते. कोणता चित्रपट शनिवारी संध्याकाळी साडेसातला लागणार आणि कोणता मंगळवारी सकाळी पावणेअकराला, हे चित्रपट कुणीही पाहण्याआधी, केवळ 'हवा' पाहून ठरते. आवडीला तर उमजायला आणि एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला वेळ लागतो. तो वेळ द्यायचा की नाही, हे वेळापत्रक ठरवते. गाजावाजा आणि आवड यांची झुंज म्हणून ज्याकडे आपण पाहतो ती बरीचशी या वेळेसाठीची ओढाताण आहे.

आधी प्रेक्षकाच्या बाजूने पाहू. उपनगरातला माणूस चित्रपट एकट्याने क्वचितच निवडतो. निवडते ते कुटुंब, ऑफिसातला गट, भिशीचे मंडळ, सोसायटीतल्या मैत्रिणी. शनिवार-रविवारच्या संध्याकाळी चौघांची तिकिटे, पॉपकॉर्न, येण्याजाण्याची रिक्षा असे धरले तर खर्च सहज दीड-दोन हजारांवर जातो, आणि आठवडाभर लोकलमध्ये घाम गाळणाऱ्याला त्याहून महाग पडते ती सुट्टीची संध्याकाळ. पुन्हा चित्रपट हा असा माल की पाहून झाल्याशिवाय तो कसा आहे हे कळत नाही, आणि कळल्यावर पैसे परत मिळत नाहीत. अशा वेळी घरातल्या चौघांच्या चार आवडी जुळवण्यापेक्षा ज्याचे नाव सगळ्यांनी ऐकले आहे त्यावर शिक्कामोर्तब करणे सोपे असते. आजीला रामायण, नातवाला ग्राफिक्स, बापाला प्रभास. गाजावाजाने इथे कुणाचे मन वळवलेले नसते, त्याने फक्त घरातला वाद मिटवलेला असतो. प्रेक्षक मूर्ख आहे, त्याला जाहिराती भुलवतात, ही टीका मला म्हणूनच पटत नाही. अपुऱ्या माहितीवर आणि मर्यादित पैशात घेतलेला तो बराच शहाणपणाचा निर्णय असतो.

यात पैशाचा भाग किती मोठा आहे याचा पुरावा 23 सप्टेंबर 2022 च्या राष्ट्रीय चित्रपट दिनाने दिला. देशभरातल्या मल्टिप्लेक्सनी त्या दिवशी तिकीट 75 रुपये ठेवले, आणि मल्टिप्लेक्स संघटनेच्या सांगण्यानुसार 65 लाखांवर तिकिटे खपली. त्या शुक्रवारी कुठलाही महाकाय चित्रपट नव्याने लागलेला नव्हता. सर्वात मोठे नाव 'ब्रह्मास्त्र'चे, आणि तोही दोन आठवडे जुना. म्हणजे नेहमी 'हवा' नसलेल्या चित्रपटाकडे पाठ फिरवणारा हाच प्रेक्षक पंचाहत्तर रुपयांत काहीही पाहायला तयार होता. तिकीट स्वस्त झाले की माणूस धोका पत्करतो आणि आवडीचे प्रयोग करून पाहतो, महागले की गर्दीमागे जातो. गाजावाजाचे बळ तिकिटाच्या दराबरोबर वाढते, हे मल्टिप्लेक्स चालवणाऱ्यांनी मनावर घेतले असते तर बऱ्याच मध्यम चित्रपटांचा जीव वाचला असता.

पण आवड तरी खरोखर आपली असते का? हा आक्षेप गंभीर आहे. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी 2006 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. अनोळखी बँडची 48 गाणी 14 हजारांहून अधिक लोकांना ऐकायला दिली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगवेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला त्याच्या गटात कोणते गाणे किती जणांनी उतरवून घेतले तो आकडाही दाखवला. आकडा दिसताच आठही गटांत गाजलेली गाणी अधिक गाजली, पडलेली अधिक पडली, आणि प्रत्येक गटाचे अव्वल गाणे सारखे निघाले नाही. मात्र उत्तम गाणी क्वचितच तळाला गेली आणि टाकाऊ गाणी क्वचितच वर आली. मधल्या मोठ्या ढिगाचे नशीब मात्र कसेही फिरू शकत होते. आज तिकिटांच्या अ‍ॅपवर 'इतक्या लाख लोकांना या चित्रपटात रस आहे' असा आकडा प्रदर्शनाआधीच झळकतो, भरलेल्या नि रिकाम्या खुर्च्यांचा नकाशा समोर येतो. तो प्रयोग आता आपल्या खिशातल्या फोनवर रोज चाललेला आहे, एवढेच.

चित्रपटांपुरते बोलायचे तर एन्रिको मोरेट्टी या अर्थशास्त्रज्ञाचे 2011 चे संशोधन कामाचे आहे. हजारो अमेरिकी चित्रपटांचे आकडे पाहून त्याने दाखवले की पहिल्या शनिवार-रविवारी अपेक्षेपेक्षा जास्त चाललेला चित्रपट पुढच्या आठवड्यांत सावकाश उतरतो, आणि अपेक्षेपेक्षा कमी चाललेला भराभर. कारण पाहून आलेला माणूस बोलतो. अपेक्षेपेक्षा सरस ठरलेल्या सर्वसाधारण चित्रपटाच्या विक्रीतला 32 टक्के वाटा त्याने या एकमेकांकडून शिकण्याला दिला. ही निव्वळ गर्दीमागची गर्दी नव्हे, कारण हवामानामुळे पहिल्या दिवसांची गर्दी वाढली किंवा घटली तर पुढे फरक पडत नाही, असेही त्याचे म्हणणे. यावर डंकन गिलख्रिस्ट आणि एमिली सँड्स यांनी 2016 मध्ये नेमका उलटा निष्कर्ष मांडला: केवळ हवामानामुळे जमलेली जादा गर्दीसुद्धा पुढच्या आठवड्यांत गर्दी खेचते, कारण सगळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीबद्दल बोलता यावे म्हणूनही लोक चित्रपट पाहतात. दोघांत कोण बरोबर हे अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे. 'बाईपण'च्या यशात मात्र मला दोन्ही दिसतात. पहिल्या आठवड्यात गेलेल्या बाईने 'चांगला आहे, जा' असे सांगितले, हा मोरेट्टीचा भाग. तिसऱ्या आठवड्यात बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीत 'आपल्या ग्रुपचाच तेवढा राहिलाय' म्हणून बारा जणींनी एकत्र बुकिंग केले असेल, तर तो दुसरा भाग. दोन्हींत सांगणारी व्यक्ती ओळखीची असते. मराठीत ज्याला सर्रास 'माउथ पब्लिसिटी' म्हणतात तिची सारी किंमत या ओळखीत आहे. होर्डिंगवरचा नट काय बोलतो यापेक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या काकू काय म्हणतात याला वजन असते, कारण काकूंची आवड आपल्याला आधीपासून ठाऊक असते. काकूंना रडके चित्रपट आवडतात हे माहीत असलेला तरुण त्यांची शिफारस ऐकून नेमका जाणार नाही, आणि हाही शिफारसीचा उपयोगच झाला.

आता तिकीट खिडकीच्या पलीकडे जाऊ. 2009 मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांचा मोठा तंटा झाला, दोन महिने नवे मोठे हिंदी चित्रपट लागले नाहीत, आणि जूनमध्ये तडजोड झाली ती अशी की उत्पन्नातला वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि चौथ्यात 30 टक्के. या चार आकड्यांत गाजावाजाचे अर्थशास्त्र आले. वितरकाला सर्वात मोठा हिस्सा पहिल्या आठवड्यातच मिळतो, म्हणून तो सारी ताकद पहिल्या तीन दिवसांवर लावतो. अंधेरी पश्चिमेच्या वीरा देसाई रोड नि लिंक रोडच्या परिसरात निर्मितीसंस्था आणि प्रसिद्धीवाल्यांची कार्यालये दाटीने आहेत. तिथे ट्रेलर कधी, गाणे कधी, विमानतळावरचे फोटो कधी, याची जी आखणी चालते ती शुक्रवार ते रविवार डोळ्यांसमोर ठेवून. चित्रपट पडणार अशी शंका असेल तर हा मारा अधिकच लागतो, कारण बातमी फुटायच्या आत गल्ला भरायचा असतो. गंमत अशी की मल्टिप्लेक्सचे हित याच्या उलट आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टिकणारा चित्रपट त्याला जास्त टक्के देतो. तरीही शुक्रवारी मल्टिप्लेक्सवाला बड्या चित्रपटापुढे मान तुकवतो, कारण त्या क्षणी त्याच्या हातात दुसरा कुठला पुरावाच नसतो.

ही घाई पूर्वी नव्हती. 'शोले' 15 ऑगस्ट 1975 ला लागला तेव्हा पहिल्या काही दिवसांत धंद्यातल्या जाणकारांनी तो पडल्याचे सांगून टाकले होते, शेवट बदलावा का याचाही विचार निर्मात्यांच्या गोटात झाला. पण थिएटर आठवड्यांच्या हिशेबाने बांधलेले होते. लोक येत राहिले, बोलत राहिले, आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षे चालला. तोच चित्रपट आज लागला असता तर सोमवारी दुपारपर्यंत त्याचे निम्मे खेळ दुसऱ्या कुणाला गेले असते. एकपडदा थिएटरच्या काळाचे उमाळे काढण्याचा माझा इरादा नाही. तिथल्या खुर्च्या आणि स्वच्छतागृहे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना आर सिटी किंवा इन्फिनिटी मॉलमधला गारवा नकोसा होणार नाही. पण एका पडद्याचा चित्रपट बदलणे तेव्हा जड होते, आणि त्या जडपणात आवडीला सवड मिळत होती. सहा-आठ पडद्यांच्या मल्टिप्लेक्सने निवड वाढेल असे वाटले होते. प्रत्यक्षात खेळ रातोरात हलवता येऊ लागले, आणि सहा पडद्यांवर एकच चित्रपट लावण्याची सोय झाली.

मराठी चित्रपटाला हे सर्वात आधी आणि सर्वात जास्त बोचले. 1971 मध्ये दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमध्ये लागायचा होता, थिएटरला देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' हवा होता, आणि दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले तेव्हा 'सोंगाड्या'ला जागा मिळाली. पुढे दादांचे एकामागून एक चित्रपट रौप्यमहोत्सवी झाले. तेव्हा हवा देव आनंदची होती आणि आवड दादांची, पण पडदा मिळाल्याशिवाय ती आवड सिद्ध होणार नव्हती. 2013 च्या ऑगस्टमध्ये चांगला चाललेला 'दुनियादारी' 'चेन्नई एक्सप्रेस'साठी उतरवण्याचा वाद झाला, 2017 च्या डिसेंबरमध्ये 'देवा' विरुद्ध 'टायगर जिंदा है' असा. 2023 मध्ये 'टीडीएम'ला खेळ मिळेनात म्हणून दिग्दर्शक आणि कलाकारांना लोकांसमोर रडू आवरले नाही. आणि हा प्रश्न केवळ मराठी-हिंदीचा नाही: 2012 च्या दिवाळीत 'जब तक है जान' आणि 'सन ऑफ सरदार' एकाच दिवशी लागले तेव्हा पडदे अडवून ठेवल्याची तक्रार अजय देवगणच्या कंपनीने थेट स्पर्धा आयोगाकडे नेली होती. ज्यांच्याकडे तारे, पैसा आणि प्रसिद्धी सगळे होते तेसुद्धा भांडले ते पडद्यांसाठी. प्रेक्षकाचे मन जिंकण्याआधी काय जिंकावे लागते हे त्यांना चांगले ठाऊक होते.

यावर थिएटरवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे. रिकाम्या सभागृहातही वीज नि एसी चालूच असतो, ज्याला मागणी आहे तेच आम्ही लावतो. हे उत्तर उडवून लावण्यासारखे नाही, आणि 18 जुलै 2025 चा शुक्रवार त्यांच्या बाजूने साक्ष देतो. त्या दिवशी मराठीतला 'येरे येरे पैसा 3' आणि हिंदीतला 'सैयारा' एकत्र लागले, मराठी चित्रपटाचे खेळ कमी झाले आणि राजकीय पक्षांनी आवाज उठवला. पण 'सैयारा' हा काही ताऱ्यांच्या गाजावाजाचा चित्रपट नव्हता. नायक-नायिका दोघेही मोठ्या पडद्यावर नवखे, आणि यशराजने त्यांना प्रदर्शनाआधी मुलाखतींपासून मुद्दाम दूर ठेवलेले. गाण्यांनी तरुणांना आधी गाठले आणि पुढचे पोरांनी एकमेकांना सांगितले. तिथे खेळ वाढले ते बऱ्याच अंशी आवडीमुळे, हे मान्य करायला हवे. पण मागणी दोन प्रकारची असते, एक पाहिल्यानंतरची आणि एक पाहण्याआधीची. सोमवारी रांग दिसते म्हणून खेळ वाढवणे हा व्यवहार झाला. गुरुवारी रात्री, अजून कुणीही पाहिलेले नसताना, एका चित्रपटाला चोवीस आणि दुसऱ्याला दोन खेळ देणे हा अंदाज झाला, आणि त्या अंदाजाला नंतर 'लोकांची आवड' म्हणणे ही चलाखी आहे. सकाळी पावणेअकराच्या खेळाला नोकरदार माणूस आला नाही, यावरून त्याला चित्रपट नको होता असे ठरत नाही.

दुसरा आक्षेप असा की मग प्रचंड हवा असलेले काही चित्रपट महिनोन्महिने कसे चालतात? 14 फेब्रुवारी 2025 ला आलेला 'छावा' घ्या. प्रसिद्धी अफाट होती, पण महाराष्ट्रात त्याचे इंधन जाहिरातीच्या कितीतरी आधीचे होते. शिवाजी सावंतांची कादंबरी घराघरांत वाचली गेली आहे, संभाजी महाराजांच्या बलिदानाची कथा शाळकरी वयापासून कानांवर आहे. ट्रेलरमध्ये महाराज लेझीम खेळताना दिसले तेव्हा आक्षेपांचे मोहोळ उठले आणि लक्ष्मण उतेकरांनी प्रदर्शनाआधीच ते दृश्य काढले. चित्रपट कसा असावा याबद्दलची प्रेक्षकाची अपेक्षा इतकी पक्की होती की तिने संकलनाच्या टेबलापर्यंत मजल मारली. अशा ठिकाणी गाजावाजा फक्त तारीख कळवतो. तयार आवडीवर बेतलेली प्रसिद्धी आणि आवडीशिवाय उभी केलेली प्रसिद्धी शुक्रवारी सारखीच दिसतात, फरक कळतो तो तीन दिवसांनी. 'आदिपुरुष'लाही रामकथेची तयार आवड होती, हे खरे. पण ती आवड एका विशिष्ट रामाची, विशिष्ट भाषेत बोलणाऱ्या हनुमानाची होती, आणि जितकी आवड जुनी तितका हिशेब कडक.

सरकारने 2015 मध्ये यावर एक उपाय काढला होता. सांस्कृतिक मंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन जाहीर केले. वाद पेटला, त्यात पॉपकॉर्न विरुद्ध दहीमिसळ अशीही एक फेरी झडली, आणि दोन-चार दिवसांत ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल झाली. माझ्या मते चूक सैल करण्यात झाली त्यापेक्षा मुळात घड्याळाला धरण्यात झाली. चित्रपटाला प्राइम टाइमइतकीच मुदत लागते. दोन शनिवार-रविवार, प्रत्येकी एक संध्याकाळचा खेळ, मधल्या आकड्यांची पर्वा न करता, एवढी हमी कोणत्याही भाषेतल्या छोट्या चित्रपटाला मिळाली तर काकूंचे मत तिसऱ्या मजल्यावरून शेजारच्या विंगेत पोचेपर्यंत चित्रपट पडद्यावर असेल. पडायचा तो तरीही पडेल, त्याबद्दल तक्रार नाही. मल्टिप्लेक्सला यात दान करायचे नाही: पुढच्या आठवड्यांतला वाढता वाटा त्यांचाच आहे, आणि सोमवार ते गुरुवारच्या रिकाम्या खुर्च्या भरण्यासाठी महिना 699 रुपयांत दहा चित्रपटांची योजना त्यांनी 2023 मध्ये स्वतःच आणली होती.

मुदत मिळाली तर काय होते याची दोन ताजी उदाहरणे आहेत. 10 ऑक्टोबर 2025 ला गुजरातीत 'लालो' आला. सुरुवातीचे आठवडे थंड गेले, मग दिवाळीनंतर तोंडोतोंडी बातमी पसरून त्याचा गल्ला चढत गेला आणि 100 कोटी ओलांडणारा तो पहिला गुजराती चित्रपट ठरला. घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवलीत गुजराती वस्ती दाट आहे, तेव्हा या चढत्या आलेखाशी या उपनगरांची ओळख नव्याने करून द्यायला नको. दुसरे उदाहरण कोकणातल्या गावाच्या नावाचे. राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' 12 ऑक्टोबर 2018 ला आला तेव्हा तुरळक गर्दीत चालून उतरला. नंतर लोकांनी तो घरी ओटीटीवर पाहिला, एकमेकांना दाखवला. 13 सप्टेंबर 2024 ला तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळच्या एकूण कमाईहून अधिक कमाई करून गेला. चित्रपट तोच होता, एक फ्रेमही बदललेली नव्हती. निर्माता आणि नायक सोहम शाह याला सहा वर्षे थांबता आले. वर्षभरात लागणाऱ्या मराठी चित्रपटांपैकी बहुतेकांचे निर्माते दुसऱ्या शुक्रवारपर्यंतही थांबू शकत नाहीत.